एकच कॉन्सन्ट्रेट आणावे की चार वेगळ्या बाटल्या?

लादीसाठी एक द्रव, ओट्यासाठी एक स्प्रे, काचेसाठी निळा स्प्रे आणि बाथरूमसाठी आणखी एक बाटली, अशी चार नावे महिन्याच्या सामानाच्या यादीत आपण सवयीने लिहितो. त्यांच्याऐवजी पाण्यात मिसळून वापरायचे एकच सर्वोपयोगी कॉन्सन्ट्रेट पुरेल का, हे आम्ही घरात दोन्ही पद्धती काही महिने चालवून पाहिले. तेलकटपणा आणि रोजची धूळ यांसाठी कॉन्सन्ट्रेट सरस ठरले. मात्र ते माप पाळले तेव्हाच, आणि बाथरूम त्याच्या भरवशावर सोडता आले नाही.

आधी पैशांचा हिशोब. तयार स्प्रेच्या बाटलीत बहुतांश पाणीच असते आणि आपण त्याचेही दाम मोजतो. समजा, ५०० मिलीच्या स्प्रेला १०० रुपये पडले, तर लिटरला २०० रुपये झाले. त्याउलट १ लिटर कॉन्सन्ट्रेट ४२० रुपयांना मिळाले आणि ते एकास वीस या प्रमाणात मिसळले, तर २१ लिटर द्रव तयार होऊन लिटरला २० रुपये पडतात. हा दहापट फरक पाहून हुरळून जाण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती अशी की दुकानात मिळणारे लादी पुसण्याचे द्रवही बादलीभर पाण्यात टोपणभरच घालायचे असते, म्हणजे ते मुळातच दाट असते. त्यामुळे लादीच्या बाबतीत बचत किरकोळ होते आणि खरी बचत स्प्रेच्या बाटल्यांत होते.

स्वयंपाकघरात हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. रोजच्या फोडणीची वाफ गॅसमागच्या टाइल्सवर आणि एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि काही आठवड्यांत पिवळट, चिकट थर तयार होतो. अल्कधर्मी कॉन्सन्ट्रेट एकास दहा प्रमाणात शिंपडून पाच मिनिटे थांबल्यास हा थर सैल होऊन ओल्या फडक्याने निघतो, तर तयार स्प्रेने तेच काम करायला दोनतीनदा फवारावे लागते. मिश्रण गरजेनुसार दाट करता येणे हा कॉन्सन्ट्रेटचा मोठा गुण आहे. तथापि, असे दाट मिश्रण स्लायडिंग खिडकीच्या ॲल्युमिनिअम पट्ट्यांवर राहू देऊ नये, कारण अल्कलीमुळे ॲल्युमिनिअम काळवंडते.

लादीच्या बाबतीत अडचण मापाची येते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बाटली थेट बादलीत उपडी करीत, कारण फेस आल्याशिवाय लादी स्वच्छ झाली असे त्यांना वाटत नसे (आणि खरे सांगायचे तर मलाही वाटत नसे). परिणामी लादीवर साबणाचा पातळ थर राहू लागला, त्यावर धूळ अधिकच चिकटू लागली आणि सकाळच्या तिरप्या उन्हात दारापासून देवघरापर्यंत पावलांचे ठसे मोजता येऊ लागले. खोकल्याच्या औषधाचे १० मिलीचे रिकामे टोपण बाटलीला दोऱ्याने बांधले आणि ५ लिटर पाण्याला पाच टोपणे असे ठरवून घेतले, तेव्हा ठसे थांबले. ज्या घरात असे माप सांभाळले जाणार नाही, त्या घराने तयार स्प्रेच घ्यावा; तिथे निदान प्रमाण बिघडत नाही.

बाथरूमची गोष्ट निराळी आहे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने नळांवर बसणारे पांढरे डाग हे मुख्यतः कॅल्शिअमचे क्षार असतात आणि ते आम्लानेच विरघळतात. सर्वोपयोगी द्रव सहसा उदासीन किंवा अल्कधर्मी असल्याने त्याने ते डाग ढिम्म हलत नाहीत. तेव्हा आम्लयुक्त बाटली वेगळी ठेवावीच लागते. पण जुन्या घरांतील शहाबादी फरशी, कोटा किंवा संगमरवर यांवर ती बाटली वापरू नये, कारण हे दगड चुन्याचे असल्याने आम्ल पडताच तिथे फेस उठतो आणि दगडाची झिलई जाते. अशा फरशीला पातळ केलेले, आम्ल नसलेले कॉन्सन्ट्रेटच योग्य. घरात ब्लीच असल्यास ते आम्लयुक्त द्रवात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. शिवाय ‘सर्वोपयोगी’ या शब्दात जंतुनाशन आपोआप येत नाही. लेबलवर तसे स्पष्ट लिहिले असेल तरच ते गृहीत धरावे.

काचेसाठी दोन्हींत फारसा फरक नाही. कॉन्सन्ट्रेट दोन थेंबांहून अधिक पडले, तर ओरखड्यांसारख्या रेघा उमटतात, एवढेच.

लहान मूल असलेल्या घरात मूळ दाट बाटली उंचावर, कुलपात ठेवावी आणि मिश्रण कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कदापि भरू नये. पाणी मिसळल्यावर द्रवातील टिकवणारे घटकही पातळ होतात, त्यामुळे आठवड्यापुरतेच मिश्रण करणे बरे. आम्ही स्प्रेच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून प्रमाण आणि तारीख लिहितो, आणि ती पट्टी भिजून अक्षरे पुसली गेली, की आत कितीही द्रव उरले असले तरी ते ओतून नवे करतो.