कान्हे–कामशेत की कामशेत–मळवली?

पुण्याहून लोणावळा लोकल धरायची, गावच्या स्टेशनावर उतरायचं, शेताशिवारातून पुढच्या स्टेशनापर्यंत चालायचं आणि तिथून परत यायचं. मावळात यासाठी दोन टप्पे सोयीचे आहेत. दोन्ही लागूनच असले तरी प्रकृती अगदी वेगळी.

कान्हे ते कामशेत हे अंतर रुळाने चार-पाच किलोमीटर. रमतगमत गेलं तरी दोन तास पुरतात, चढ नावाला. दक्षिणेला जुना मुंबई-पुणे हायवे, उत्तरेला इंद्रायणी. हायवेच्या कडेने नायगावमार्गे गेलं तर चुकायची भीती नाही, पण ट्रकचा धूर खायला कुणी लोकलने येत नाही. शेतांच्या बाजूने जायचं तर हंगाम बघून जा. लावणीनंतर भाताचा बांध वरून टणक दिसतो, पण आतून खेकड्यांनी पोखरलेला असतो. पाय पडला की कड ढासळते, वरच्या खाचरातलं पाणी खाली उतरतं आणि शेतकऱ्याचा अर्धा दिवस बांध लिंपण्यात जातो. तेव्हा जुलै ते ऑक्टोबर मुकाट्याने रस्ता धरा. कापणी उरकली की, डिसेंबर-जानेवारीत, खाचरं कोरडी असतात आणि लहान मुलंही आरामात चालतात. तरी वाट विचारूनच शिरा. कुंपण आलं तर वळसा घ्या.

कामशेत–मळवली रुळाने आठेक किलोमीटर, गावांच्या रस्त्याने थोडं जास्तच. नुसतं चालायला अडीच-तीन तास. सावली तुटक, म्हणून माणशी दोन लिटर पाणी हवंच. इथली खरी कमाई म्हणजे भाजे लेणी. मळवली स्टेशनातून दक्षिणेला निघून एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात पायथा, मग पायऱ्या. लेणी 22, सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहातले, म्हणजे स्तूपासमोरच्या प्रार्थनेच्या दालनातले, खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी बांधकामात भार पेलायला खांब तिरके रोवत, तीच सवय दगडात उतरली. छताच्या कमानींना तर प्रत्यक्ष लाकडी फासळ्या आहेत. लेण्यांसाठी दीड तास वेगळा ठेवा, म्हणजे सगळं मिळून पाच तास.

दिशेचाही फरक पडतो. सकाळी कामशेतहून मळवलीकडे चाललात तर ऊन पाठीवर राहतं. उलट गेलात तर डोळ्यांत. शिवाय लेण्यांचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर चैत्यगृहात उजेड चांगला येतो. तोटा एकच: पायऱ्या थकल्यावर चढाव्या लागतात. गुडघे कुरकुरत असतील तर आधी मळवली, आधी भाजे.

पावसाळ्यातले शनिवार-रविवार मळवलीला टाळा. लोहगड-विसापूरची गर्दी त्याच स्टेशनावर उतरते आणि संध्याकाळी तिथूनच चढते. कान्ह्याला ही भानगड नाही, पण तिथे पोटापाण्याची सोय बेताची. म्हणून शेवट कामशेतला करावा; बाजारपेठेचं गाव आहे, चहा-वडापाव हमखास मिळतो.

दोन्हीकडे एक मोह आवरावा लागतो: रुळांकडेने सरळ जाण्याचा. दोन्ही मार्गांवर वेगाने गाड्या धावतात, वळणावर मागची गाडी ऐकूही येत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, हे वेगळंच.

तिकीट जाता-येता वेगळं काढा. कान्ह्याचं रिटर्न घेऊन कामशेतला गाडीत बसलात तर मधल्या टप्प्याचे तुम्ही विनातिकीट प्रवासी, आणि दंड किमान 250 रुपये. दुपारी गाड्या विरळ असतात, म्हणून परतीची गाडी आधी ठरवा आणि त्यावरून निघायची वेळ मागे मोजा.

आजी-आजोबा किंवा सहा-सात वर्षांची पोरं बरोबर असतील तर हिवाळ्यात कान्हे–कामशेतच. मोठी माणसं असाल, पूर्ण दिवस मोकळा असेल, तर कामशेत–मळवली. आणि वेळ अर्धाच दिवस, पण लेणी बघायचीच असतील तर चालण्याचा हट्ट सोडा: मळवलीला उतरा, भाजे बघा, मळवलीहूनच परत या.