दोन पीकॅप फाईलींमधला फरक शोधायचाय? मग आधी हे वाचा: वायरशार्क, टीसीपीडंप-डिफ, टीशार्क, स्केपी आणि बाकीचे

दोन कॅप्चर फाईली (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून साठवलेल्या पीकॅप फाईली) समोर आहेत, एक क्लायंटकडची आणि एक सर्व्हरकडची, आणि कुणीतरी म्हणतंय "ह्यात फरक काय ते बघून सांग". वायरशार्क (अशा फाईली उघडून दाखवणारा प्रोग्राम) उघडून आपण मेनू धुंडाळतो, "तुलना करा" असं बटण कुठंतरी असणारच असं वाटतं, आणि ते नसतं. जुन्या वायरशार्कमध्ये स्टॅटिस्टिक्सच्या मेनूत 'कम्पेअर' नावाची एक खिडकी होती, दोन्ही फाईली आधी मर्ज करून घ्यायच्या आणि मग ती आयपी आयडीवरून (पॅकेटच्या आयपी हेडरमधला एक आकडा) जोड्या लावायची, पण नव्या तोंडवळ्याच्या वायरशार्कमध्ये ती आलीच नाही. म्हणजे पर्याय आपणच जुळवायचा. मी ह्यातले बहुतेक सगळे प्रकार करून बसलोय, काही तर चुकीच्या जागी, म्हणून लिहितोय.

टूल निवडायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या, कारण अर्धा घोळ इथंच होतो. एकच ट्रॅफिक दोन ठिकाणी पकडलंय (फायरवॉलच्या अलीकडे आणि पलीकडे), की दोन वेगवेगळ्या वेळचं ट्रॅफिक एकाच ठिकाणी पकडलंय (काल चाललं, आज चालत नाही)? पहिल्यात तेच पॅकेट दोन्हीकडे असायला हवं, म्हणून पॅकेटला पॅकेट जोडता येतं. दुसऱ्यात सीक्वेन्स नंबर (टीसीपीचा डेटाचा अनुक्रमांक) वेगळे, क्लायंटचा पोर्ट वेगळा, सगळंच वेगळं, तिथं पॅकेट जोडायला गेलात तर शंभर टक्के फरक दिसणार आणि कळणार काहीच नाही. तिथं फक्त संवादाचा आकार ताडून बघायचा असतो.

एमडीफाइव्ह (फाईलचा हॅश) किंवा सीएमपीनं (बाइटला बाइट ताडणारी कमांड) सरळ फाईलला फाईल ताडायची हा विचार डोक्यात येतो, तो काढून टाका. पीकॅपमध्ये सुरुवातीला २४ बाइटचा हेडर आणि मग प्रत्येक पॅकेटपुढं १६ बाइटचा छोटा हेडर, त्यात टाइमस्टॅम्प. दोन मशीनवर तोच टाइमस्टॅम्प मायक्रोसेकंदापर्यंत जुळणं अशक्यच समजा. आणि तीच फाईल पीकॅप-एनजी म्हणून सेव्ह केली की आतलं पॅकेट एक न बदलता सगळी फाईल "वेगळी" होते. फाईल कॉपी होताना बिघडली का एवढंच तपासायला हे ठीक.

सगळ्यात आधी कॅपइन्फोज (एडिटकॅप, मर्जकॅपसारखीच वायरशार्कबरोबर येणारी कमांड) चालवा, दोन्ही फाईलींवर, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पॅकेट किती, सुरुवात कधी, शेवट कधी, स्नॅपलेन (प्रत्येक पॅकेटचे जास्तीत जास्त किती बाइट ठेवायचे ते) किती. मला एकदा दोन तास भांडल्यावर कळलं की एका फाईलीत प्रत्येक पॅकेट ९६ बाइटवर कापलेलं होतं, पेलोड नव्हताच. आणि एक कॅप्चर चाळीस सेकंद आधी सुरू झालेलं असेल तर त्या चाळीस सेकंदांतली पॅकेटं दुसरीकडे "गायब" दिसणारच, ती एडिटकॅपनं कापून दोन्ही फाईली एका वेळेच्या पट्ट्यात आणा, मगच पुढं जा. टीसीपीडंप (कमांड लाइनवरून पॅकेट पकडणारं टूल) बंद करताना शेवटी "ड्रॉप्ड बाय कर्नल" असा आकडा येतो तो ज्यानं कॅप्चर घेतलं त्याला विचारून घ्या, शून्य नसेल तर जे हरवलंय ते नेटवर्कवर हरवलं की कॅप्चर घेणाऱ्या मशीननंच गाळलं हे कुठलंच टूल सांगू शकत नाही.

आता पर्याय.

वायरशार्कच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी. पन्नास-शंभर पॅकेट असतील, एकच कनेक्शन असेल, तर ह्यापुढं काही करू नका, डोळ्यांनीच बघा. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. फ्रेम नंबर आणि टीसीपी स्ट्रीम नंबर हे त्या त्या फाईलीपुरते असतात, इकडचा स्ट्रीम १२ तिकडे ७ असू शकतो, त्यामुळे फिल्टर पोर्टवर लावा. आणि सीक्वेन्स नंबर वायरशार्क मुळात रिलेटिव्ह दाखवतो, शून्यापासून, म्हणजे एका फाईलीत हँडशेक पकडलाय आणि दुसरीत नाही तर आकडे जुळणार नाहीत. प्रेफरन्समध्ये जाऊन ते बंद करा.

ह्याचाच भाऊ म्हणजे मर्जकॅपनं दोन्ही फाईली एकत्र करून एकाच खिडकीत बघणं. प्रत्येक पॅकेट दोनदा दिसतं, अलीकडचं आणि पलीकडचं, आणि जे एकदाच दिसलं ते हरवलेलं. वाचायला मजा येते पण दोन्ही मशीनची घड्याळं जुळलेली नसतील तर क्रम सगळा विस्कटतो, आधी एडिटकॅपच्या मायनस टी नं एका फाईलीची वेळ सरकवून घ्यावी लागते. शिवाय कुठलं पॅकेट कुठल्या फाईलीतून आलं हे ओळखायला इंटरफेस आयडीचा कॉलम लावायचा, आणि त्यासाठी मर्ज करताना मायनस कॅपिटल आय ला 'नन' द्यायचं, नाहीतर दोन्ही इंटरफेस सारखेच दिसले तर तो त्यांना एकच करून टाकतो आणि मग बसा शोधत.

माझा रोजचा पर्याय मात्र सगळ्यात साधा: टीसीपीडंपनं दोन्ही फाईली मजकुरात काढायच्या आणि मजकूर ताडायचा. ऑप्शन तीनच, मायनस टी म्हणजे वेळ नको, मायनस एन म्हणजे नावं शोधत बसू नको, मायनस कॅपिटल एस म्हणजे सीक्वेन्स नंबर खरे दाखव. मग सॉर्ट आणि कॉम. कॉम तीन रकाने देतो, फक्त पहिल्यात असलेलं, फक्त दुसऱ्यात असलेलं, दोन्हीकडचं. हे एवढं चांगलं का चालतं ह्याचं कारण गमतीचं आहे: रस्त्यात जे जे बदलतं ते टीसीपीडंप न विचारता छापतच नाही. टीटीएल प्रत्येक राउटरवर एकनं कमी होतो, त्यामुळे आयपी चेकसम बदलतो, मॅक अ‍ॅड्रेस तर प्रत्येक हॉपला नवा, आणि ह्यातलं काहीच साध्या ओळीत नसतं. पॅडिंगचं पण तसंच. रिकामा एसीके (नुसती पोच देणारं पॅकेट) पाठवणाऱ्याच्या फाईलीत ५४ बाइटचा दिसतो आणि घेणाऱ्याच्या फाईलीत ६०, कारण इथरनेटला कमीत कमी एवढा आकार लागतो आणि नेटवर्क कार्ड शेपटीला शून्यं चिकटवतं. टीसीपीडंप लांबी पेलोडची छापतो, म्हणून ओळ दोन्हीकडे तीच. सरळ डिफ लावला तर मात्र दोन पॅकेटं पुढंमागं झाली तरी तो एक गेलं एक आलं म्हणून ओरडतो, म्हणून सॉर्ट, आणि क्रमच बघायचा असेल तेव्हाच डिफ.

हा कुठं कमी पडतो? नॅट आला की. पत्ते आणि पोर्ट बदलले की एकही ओळ जुळत नाही. तिथं टीशार्क, म्हणजे कमांड लाइनवरचा वायरशार्क. त्यात फील्ड आपण निवडतो, पत्ते वगळायचे आणि आयपी आयडी, खरा सीक्वेन्स नंबर, एसीके नंबर, पेलोडची लांबी, टीसीपी टाइमस्टॅम्पची व्हॅल्यू एवढंच काढायचं, फ्रेम नंबर शेवटच्या रकान्यात ठेवायचा म्हणजे सापडलेलं पॅकेट परत वायरशार्कमध्ये उघडता येतं (कॉम लावताना तो रकाना कापायला विसरू नका, मी विसरलोय). लिहायला थोडं जास्त, फील्डची नावं पाठ होईपर्यंत चिडचिड होते, पण एकदा स्क्रिप्ट केली की झालं.

आयपी आयडीवर मात्र आंधळा भरवसा नको. बऱ्याच जणांना वाटतं तोच पॅकेटचा आधार नंबर आहे. आयपीव्ही६ च्या मूळ हेडरमध्ये तो नाहीच. आयपीव्ही४ मध्ये सुद्धा, ज्या पॅकेटचे तुकडे झाले नाहीत आणि होणार पण नाहीत त्यात ह्या आकड्याला अर्थ नाही असं २०१३ च्या आरएफसी ६८६४ नं स्पष्टच म्हटलंय, आणि काही सिस्टिम तिथं सरळ शून्य टाकतात. तो असेल तर रिट्रान्समिशन वेगळं ओळखायला उपयोगी, कारण सीक्वेन्स तोच पण आयडी नवा, बस. आणि काही फायरवॉल सीक्वेन्स नंबरच बदलून टाकतात, मग तोही आधार गेला.

अशा वेळी स्केपी, पॅकेटं हाताळायची पायथनची लायब्ररी. पायथन येत असेल तर ह्याच्यासारखी मोकळीक कुठं नाही, प्रत्येक पॅकेट घ्या, नको ते पुसा, पेलोडचा हॅश काढा, डिक्शनरीत टाका, दुसरी फाईल त्याच्यावर तपासा. पण स्केपी हळू आहे, म्हणजे खरंच हळू, आणि आरडीपीकॅप सगळी फाईल मेमरीत ओढतो, जीबीभर फाईल दिलीत तर मशीन धापा टाकतं. पीकॅपरीडरनं एकेक पॅकेट वाचा आणि त्याआधी टीशार्कनं फिल्टर करून फाईल बारीक करा. पायथन येत नसेल तर ह्याच कामासाठी शिकायला जाऊ नका, टीशार्कमध्ये ऐंशी टक्के होऊन जातं असा माझा अंदाज.

एडिटकॅपची डुप्लिकेट काढायची सोय पण काही लोक तुलनेला वापरतात, मर्ज करायचं आणि किती उडाले ते मोजायचं. मुळात तो मागच्या चारच फ्रेमशी ताडतो, ती खिडकी वाढवावी लागते, आणि मायनस कॅपिटल आय २६ दिलं की पहिले २६ बाइट दुर्लक्ष करतो, म्हणजे १४ इथरनेटचे आणि आयपीचे १२, टीटीएल-चेकसम धरून. हुशार युक्ती आहे, पण ती पॅडिंगवर फसते, आणि उत्तर आकडाच मिळतो, कुठलं पॅकेट हरवलं ते नाही. मिरर पोर्टवर (स्विचवरच्या ट्रॅफिकची प्रत जिथं मिळते तिथं) दुहेरी आलेलं साफ करायला ठेवा.

पीकॅपडिफ नावाचं टूल शोधताना हमखास समोर येतं, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं २००७ मध्ये काढलेलं, इंटरनेट प्रोव्हायडर मधेच खोटी पॅकेटं घुसवतोय का हे दोन टोकांच्या कॅप्चरवरून पकडायला. कल्पना झकास, पण पायथन २ च्या जमान्यातलं आहे. बघून शिकण्यासारखं, वापरायला नको.

फाईली दहा-वीस जीबीच्या असतील तर पॅकेट पातळीवर जाऊच नका. झीक (ट्रॅफिकमधून कनेक्शनचे लॉग काढणारं टूल) चालवा, कनेक्शन लॉग ताडा, कुठल्या कनेक्शनमध्ये बाइट कमी पडले ते बघा आणि तेवढंच कनेक्शन बाहेर काढून वरचे प्रकार करा. एन्क्रिप्टेड ट्रॅफिकनं घाबरायचं कारण नाही, रस्त्यात सायफरटेक्स्ट तेच राहतं, पण मधे टीएलएस उघडून परत बंद करणारा प्रॉक्सी असेल तर दोन्हीकडची कनेक्शनंच वेगळी आहेत, पॅकेट जोडणं तिथं निरर्थक.

आता "काल चाललं, आज नाही" वाल्यांसाठी. सगळं उलटं करा: रिलेटिव्ह सीक्वेन्स चालू ठेवा, पोर्ट काढा, वेळ काढा, फक्त दिशा, फ्लॅग, लांबी, वाटल्यास टीएलएस हँडशेकचा प्रकार, आणि विमडिफ किंवा मेल्डमध्ये (दोन मजकुरांतला फरक दाखवणारी टूलं) शेजारी शेजारी. कुठून फाटे फुटतात ते लगेच दिसतं. मग त्या जागेचं एकच पॅकेट दोन्ही फाईलींतून टीशार्कच्या मायनस कॅपिटल व्ही नं पूर्ण उलगडून परत विमडिफ. क्लायंट हेलो (टीएलएस हँडशेकमधला क्लायंटचा पहिला निरोप) ताडताना ब्राउझरचं असेल तर ग्रीसच्या व्हॅल्यू, म्हणजे ब्राउझरनं घातलेल्या बनावट व्हॅल्यू, मुद्दाम रँडम असतात, त्या वेगळ्या दिसल्या म्हणून नाचू नका.

आणि ती चूक जी मी केली, तीन तास घालवले. लॉगिन होत होतं, मोठी फाईल अपलोड मधेच अडकत होती, मधे फायरवॉल आणि टनेल. दोन्हीकडची कॅप्चर आली, मी कॉम लावला, आणि पाठवणाऱ्याकडची जवळपास सगळी डेटाची पॅकेटं "फक्त पहिल्यात". मेलमध्ये लिहून पण टाकलं की मधलं उपकरण सगळंच खातंय. मग एकानं विचारलं, ही ४३४४ बाइटची पॅकेटं कसली, तुमचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०० ना? ऑफलोड, म्हणजे तुकडे करायचं काम नेटवर्क कार्डावर सोपवलेलं. टीसीपीडंप पॅकेट कार्डाकडे जायच्या आधी पकडतो, तुकडे कार्ड करतं, १४४८ चे तीन, म्हणजे इकडं एक ओळ आणि तिकडं तीन आणि जुळणी शून्य. ईथटूलनं (कार्डाच्या सेटिंग बदलणारी कमांड) टीएसओ, जीएसओ, आणि घेणाऱ्याकडे जीआरओ पण (हे सगळे ऑफलोडचेच प्रकार) बंद करून परत कॅप्चर घेतली (चालू सर्व्हरवर हे करायच्या आधी परवानगी घ्या). ते शक्य नसेल तर पॅकेट न मोजता सीक्वेन्सच्या रेंज जोडाव्या लागतात, ते स्केपीचं काम.

दुसऱ्यांदा कॉम लावला तेव्हा पहिल्या रकान्यात उरलेल्या प्रत्येक ओळीची लांबी १४४८ होती, त्याहून लहान एकही नाही, लहान सगळी पोचत होती. टनेलमध्ये मावत नव्हती, आणि "पॅकेट मावत नाही, लहान पाठव" सांगणारा आयसीएमपी निरोप पाठवणाऱ्याच्या फाईलीत कुठंच नव्हता. फायरवॉलवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या टीसीपी डेटाची कमाल लांबी) आवळला. त्यानंतर घेतलेल्या तिसऱ्या जोडीत फरक फक्त हँडशेकच्या ओळींत, म्हणजे सिनमध्ये (कनेक्शन सुरू करणाऱ्या पॅकेटमध्ये) इकडे एमएसएस १४६० आणि तिकडे १३६०, आणि तो आम्हीच घातलेला.