पणजीतल्या कॅफेमधली शास्त्रीय गाण्याची महिन्याची बैठक

सतरंजीवर चाळीसेक माणसं, माईक नाही, गायिका चार हातांवर. अट एकच: निदान एक बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गीत, गायिकेने स्वतः रचलेली हवी. म्हणून इथे मुद्रा कान देऊन ऐकाव्यात. मुद्रा म्हणजे अंतऱ्यात, बंदिशीच्या दुसऱ्या भागात, गुंफलेलं रचनाकाराचं टोपणनाव, ही जुनी रीत; या वेळी एका गायिकेने तिथे आजीच्या गावाचं नाव घातलं. शब्द कोकणी, राग भीमपलास, आणि सम, तालाची पहिली मात्रा, नेमकी त्या नावावर! गोव्याच्या थोर गायिका केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या आडनावांतही गावंच आहेत. त्यातली कुर्डी तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेली.

कॉफीचं यंत्र मात्र विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना घुरघुरतं, ते तेवढा वेळ बंदच हवं. पावसाळ्यात दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडते. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) मिळवलेला तबला मध्येच उतरतो आणि हातोडीची ठोकाठोक सुरू होते. दीड तासात तीन गायिका, म्हणजे ख्याल रंगायच्या आतच आटपतो. दोघीच ठेवाव्यात. बसायचं ते पुढे, तंबोऱ्याच्या बाजूला. मागच्या भिंतीपाशी खर्जाची, सर्वांत खालच्या सुराची, तार ऐकूच येत नाही.