हवेच्या स्प्रिंगचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह: सात महिने सांभाळल्यावर

औशाजवळ आमच्या विहिरीवर अप्पांचं जुनं डिझेल इंजिन आहे. झाकण काढलं की रॉकर, पुशरॉड, व्हॉल्व्ह मिटवणारी स्प्रिंग, सगळं समोर. बोटीवरून सुट्टीला आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुज्या इंजनाची स्प्रिंग केवढी हाय रं?"

स्प्रिंगच नाही म्हटल्यावर पटेना. मग सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दांडा त्यांना दाबायला लावला. सोडला की दांडा वर.

बोटीवरचं आमचं इंजिन ६ सिलिंडरचं टू-स्ट्रोक, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ६० सेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडरच्या हेडवर एकच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणारी झडप. तेलाचा दाब त्याला खाली ढकलून उघडतो. स्पिंडलवरच्या (व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या) पिस्टनखाली साधारण ७ बारची हवा कोंडलेली असते. उघडताना ती आणखी दाबली जाते आणि तेलाचा दाब सुटला की व्हॉल्व्हला वर सीटवर, म्हणजे तो मिटून टेकतो त्या कड्यावर, नेऊन बसवते. जुन्या बोटींवर इथंही स्प्रिंगा अन् रॉकरच असत.

मला सगळ्यात आवडलं ते व्हॉल्व्हचं फिरणं. स्पिंडलला पाती असतात, बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतानं तो थोडा थोडा फिरतो, म्हणून सीट एकाच जागी जळत नाही. राउंडला गेलो की वरची तपासणीची दांडी हातानं दाबून धरायची. दर ठोक्याला ती वर-खाली होते, अन् तिची चाल हळूहळू कमी-जास्त झाली की समजायचं, फिरतोय.

"आन् पंक्चर झाली मंग?" अप्पांचा पुढचा प्रश्न. नेमकं तेच झालं होतं. तिसऱ्या महिन्यात चार नंबरच्या सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान चढायला लागलं. आम्ही इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरवर संशय घेतला, नांगर टाकल्यावर बदललाही. फुकट मेहनत. हवेच्या पिस्टनची सील गेली होती, व्हॉल्व्ह उशिरा मिटत होता. स्प्रिंग तुटली तर निदान तुकडे तरी हातात येतात. हवा गुपचूप जाते, आणि इंजिनरूमच्या गोंगाटात तिचा फुसफुसाट कुणाला ऐकू येणार? शेवटी क्रेननं अख्खा व्हॉल्व्ह उचलून स्पेअर बसवला.

दुसरी कटकट क्रमाची. आधी हवा, मग तेलाचा पंप. बंद करताना उलटं. चुकलं की व्हॉल्व्ह उघडे लोंबतात. नवख्या पोरांना हे रोज घोकवावं लागलं.

१० पैकी ८ गुण. पुढच्या बोटीवर चढलो की आधी स्टोअरमधल्या सील मोजणार, बॅग नंतर उघडणार.