शेगडी वेगळी, ओव्हन वेगळा: दहा महिन्यांनंतर

आमच्याकडे आधी बारा वर्षं कुकिंग रेंज होती. वर गॅसचे चार बर्नर, खाली विजेचा ओव्हन, असं एकच धूड. शेवटच्या वर्षी ओव्हनचा थर्मोस्टॅट बिघडला. १८० वर लावला की कधी १५० दाखवायचा, कधी २२०. बर्नर मात्र ठणठणीत. खालच्यासाठी वरचंही काढून टाकायचं का, यावर घरात बरेच महिने खल झाला. शेवटी स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा ओट्यावर इंडक्शन शेगडी बसवली आणि ओव्हन भिंतीलगतच्या उंच कपाटात. घेण्याआधी मी जे वाचलं होतं ते सगळं यंत्रांविषयी होतं. वापरताना लक्षात आलं की खरा प्रश्न ओव्हनमधून निघालेला गरम ट्रे कुठून उचलायचा आणि कुठे टेकवायचा, एवढाच आहे.

कमरेचं सुख आधी सांगते, कारण निर्णय त्यावरच झाला होता. रेंजमधला ट्रे गुडघ्याच्याही खाली. काठोकाठ भरलेलं जड भांडं काढायचं म्हणजे वाकायचं, हात लांब करायचे, तोंडावर वाफ घ्यायची आणि त्याच अवस्थेत उठायचं. आता ट्रे सरळ समोर येतो. काचेतून आतलं दिसतं, त्यामुळे सारखं दार उघडणं बंद झालं. गुडघेदुखी असलेल्या माझ्या सासूबाई ओव्हनच्या वाटेला जात नसत, त्या आता बिनधास्त वापरतात.

पण हे सुख पहिल्या दिवसापासून मिळालं नाही. सुताराने ओव्हनची वरची कड शेजारच्या कपाटांच्या रेषेत घेतली. दिसायला फार सुरेख, आणि मीही खुळ्यासारखी वा वा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी केक काढताना उघड्या दाराच्या काठाला डावा हात टेकला. कोपराखाली दोन बोटं रुंद डाग अजून आहे. मधली जाळी माझ्या छातीच्या उंचीवर येत होती, ट्रेच्या मागच्या कोपऱ्यात काय चाललंय ते दिसायचं नाही. शेवटी खालचा खोल ड्रॉवर काढून उथळ ड्रॉवर बसवला आणि ओव्हन १४ सेंटीमीटर खाली घेतला. आता दार उघडलं की ते जवळपास ओट्याच्या पातळीला येतं आणि मधली जाळी कोपराच्या जरा खाली. हे माप कपाट बनवण्याआधी, घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला उभं करून घ्यायला हवं होतं. आमच्याकडे तो मान माझाच.

दुसरी चूक जागेची. रेंजच्या दोन्ही बाजूंना ओटा असतो, ट्रे काढला की वर ठेवला, विषय संपला. आमचं उंच कपाट आलं टोकाला, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला फ्रीज. पहिला महिनाभर मी २०० अंशांचा ट्रे हातात धरून 'सरका, सरका' करत चार पावलं चालत होते. स्वयंपाकघर आखणाऱ्यांचा एक साधा हिशोब आहे: ओव्हनच्या शेजारी निदान ३८ सेंटीमीटर मोकळा ओटा हवा, किंवा मग समोर १२० सेंटीमीटरच्या आत. आम्हाला तो कुणी सांगितला नाही आणि आम्ही विचारला नाही. शेवटी फ्रीज दुसरीकडे हलवला आणि तिथे ओट्याचा तुकडा वाढवला. काम परत निघालं, धूळ परत खाल्ली.

उंच कपाट ६० सेंटीमीटर ओटा गिळतं, तेही विसरू नका. बदल्यात शेगडीखाली ड्रॉवर मिळतात, पण इंडक्शनला खालून हवा लागते, म्हणून सगळ्यात वरचा ड्रॉवर नावापुरताच. आमच्या त्यात चमचेसुद्धा आडवेच ठेवावे लागतात.

विजेचं काम आधी उरकून घ्या. जुन्या रेंजला १६ अँपिअरचा एक पॉइंट पुरत होता, कारण वर गॅस होता. आता शेगडी पूर्ण जोरात ७.२ किलोवॉट खेचते, म्हणजे २३० व्होल्टवर ३१ अँपिअरच्या वर. ओव्हन त्याच्याशिवाय साडेतीन किलोवॉटचा. दोन्हींना बोर्डापासून स्वतंत्र तारा आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जादा वीज खेचली की आपोआप पडणारं बटण. टाइल्स लागल्यावर हे आठवलं असतं तर रडले असते.

आवाजाबद्दल कुणीच बोलत नाही. बेकिंग संपवून ओव्हन बंद केला तरी त्याचा पंखा वीस-पंचवीस मिनिटं घरघरत राहतो. लाकडी कपाटात कोंडलेला असल्यामुळे भोवतालची गरम हवा बाहेर काढणं त्याला भाग असतं, नाहीतर आतलं इलेक्ट्रॉनिक्स आणि कपाट दोन्ही तापतात. माझे सासरे मात्र सुरुवातीला दोनदा उठून एमसीबी पाडून आले, 'चालू राहिला होता गं' म्हणत. आता त्या बटणावर चिठ्ठी चिकटवली आहे.

साफसफाईत फरक जमीन-अस्मानाचा. रेंज आणि ओटा यांच्यामधली ती बोटभर फट आठवते ना? दूध उतू गेलं की अर्धं तिथे. रेंज बाहेर ओढली तेव्हा मागे दोन झाकणं, एक चमचा आणि कशाचा होता हे ओळखू न येणारा एक काळा थर निघाला. सपाट शेगडीला फटच नाही, फडकं मारलं की झालं. ओव्हनला पायरोलिटिक सफाई आहे. तो ५०० अंशांच्या आसपास तापून आतला चिकटा जाळून राख करतो. दार आपोआप कुलूपबंद होतं. जाळ्या आधी काढाव्या लागतात आणि पहिल्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वास येतो. अर्थात ही सोय काही रेंजमध्येही मिळते, तेव्हा हिचं श्रेय वेगळ्या मांडणीला देत नाही.

दोघांनी एकाच वेळी काम करणं मात्र इथेच जमतं. पूर्वी शेगडीपाशी कुणी उभं असलं की ओव्हन उघडायला त्या माणसाला मागे सरकवावं लागायचं. आता नवरा तिकडे, मी इकडे, भांडणाला निमित्त कमी.

दुरुस्तीचा मुद्दा लोक एकतर्फी मांडतात. एक बिघडलं तर दुसरं चालतं, हे खरं. पण शेगडी ओट्याच्या दगडात कापलेल्या चौकटीत बसते. ६० सेंटीमीटरच्या शेगड्यांना साधारण ५६ बाय ४९ ची चौकट लागते. त्याहून रुंद शेगडी घेतली की प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं. चौकट मोठी करता येते, लहान नाही. रेंजला हा त्रास नाही, जुनी ओढा, त्याच रुंदीची नवी ढकला. घर बदललं तर ती बरोबर नेताही येते. शिवाय दोन यंत्रं, कपाट, वायरिंग, सुतार मिळून आमचा खर्च एका चांगल्या रेंजच्या बराच वर गेला.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीने विचारलं तेव्हा मी टेप घेऊनच तिच्याकडे गेले. तिच्या ओट्याची भिंत जेमतेम अडीच मीटरची, त्यात सिंक. उंच कपाट लावलं तर चिरायला जागाच उरत नव्हती. बिल्ट-इन ओव्हन शेगडीच्या खाली बसवायचा मधला मार्गही आम्ही पाहिला, पण मग वाकणं आलंच आणि चौकटीची कटकटही आलीच. महिन्यातून दोनदा बेक करणाऱ्या माणसाने एवढं कशाला करावं? तिने रेंज घेतली. मी तिला एकच काम त्याच दिवशी करायला लावलं, मागची पट्टी भिंतीला ठोकून घेणं. उघड्या दारावर लहान मूल चढलं किंवा जड भांडं ठेवलं तर रेंज पुढे कलंडू शकते, ती पट्टी त्यासाठी असते. आमची पट्टी बारा वर्षांनी रेंज हलवताना सापडली, स्क्रूंसकट, खालच्या ड्रॉवरमध्ये, न फोडलेल्या पाकिटात.