लवकर येणारा हरभरा की खोल मुळांचा?

अवर्षण सोसणाऱ्या हरभऱ्याची पैदास करायची तर दोन वाटा ठरलेल्या. जमिनीतली ओल संपायच्या आत पीक पक्व व्हावे, किंवा मुळांनी खालची ओल गाठावी. पालक-वाण, म्हणजे संकरासाठी घ्यायचे मूळ वाण, निवडताना यांपैकी एकाकडे झुकावे लागते.

लवकर येण्याची निवड सोपी आहे. फुलोरा किती दिवसांत आला हे शेतात उभे राहून मोजता येते, आणि त्यावर मोठा परिणाम करणारी जनुके मोजकीच आहेत. ‘आयसीसीव्ही २’ हा काबुली वाण याच वाटेचा. पण पाऊसमान चांगले असेल त्या वर्षी असा वाण मागे पडतो, कारण वाढायला त्याला दिवसच कमी मिळतात. शिवाय थंडीत फुले आली आणि सरासरी तापमान १५ अंशांखाली असले, तर ती गळतात आणि घाटे धरत नाहीत.

मुळांचे काम किचकट. खणायची, धुवायची, मोजायची, आणि एवढे करूनही आकडे जागेगणिक बदलतात. म्हणूनच जनुकीय चिन्हकांचा, म्हणजे हवा तो गुण रोपात आला की नाही हे डीएनएवरून सांगणाऱ्या खुणांचा, खरा उपयोग इथे होतो. भरघोस मुळांचा ‘आयसीसी ४९५८’ आणि उथळ मुळांचा ‘आयसीसी १८८२’ यांच्या संकरातून चौथ्या सहलग्नता गटावरचा (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकांच्या गटावरचा) ‘क्यूटीएल-हॉटस्पॉट’ सापडला, म्हणजे अवर्षणाशी निगडित अनेक गुणांवर परिणाम करणारा डीएनएचा तुकडा. तो ‘पुसा ३७२’मध्ये उतरवून ‘पुसा १०२१६’ तयार झाला. मात्र याला ‘मुळांचे जनुक’ म्हणू नये. या तुकड्यात बरीच जनुके आहेत, आणि रोपाचा जोम व दाण्याचे वजनही त्याच्याशी जोडलेले आहे.

माझी खरी शंका या जोमाबद्दल आहे: जोमदार रोप सुरुवातीलाच पाणी संपवणार नाही ना? इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या लायसिमीटर प्रयोगांत, म्हणजे मातीने भरलेल्या उंच नळ्या वेळोवेळी तोलून पाहिल्यावर, तग धरणाऱ्या वाणांनी फुलोऱ्याआधी पाणी जपून वापरल्याचे दिसले. दाणे भरताना कामी आली ती ही शिल्लक. मुळे खोल असूनही सुरुवातीलाच सगळे पाणी पिऊन टाकणारे झाड शेवटी सुकणारच.

त्यामुळे माती उथळ असेल तर मी मुळांच्या नादी लागणार नाही, लवकर येणारा पालक-वाण घेईन. माती खोल आणि पेरणीवेळी खालपर्यंत ओल असेल, तर मध्यम कालावधीच्या वाणात हॉटस्पॉट घालावा. निवड करताना मात्र पाण्याचा सुरुवातीचा वापरही तपासावा.

नवे वैविध्य हवे असल्यास आधी इक्रिसॅटचा २११ नमुन्यांचा मिनी-कोअर संच, म्हणजे मोठ्या संग्रहातले वैविध्य थोडक्यात दाखवणारा निवडक संच, चाळावा. आग्नेय तुर्कस्तानातला रानटी ‘सायसर रेटिक्युलेटम’ लागवडीच्या हरभऱ्याशी सहज संकरित होतो, पण घाटे फुटणे आणि झाड पसरणे हे दुर्गुणही सोबत आणतो. ते काढायला प्रतीप-संकराच्या, म्हणजे लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा केलेल्या संकराच्या, काही पिढ्या खर्ची घालाव्या लागतात.