मंक्टनमध्ये मुलांची शाळा: इमर्शन घ्यावं की सरळ फ्रेंच शाळा?

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात (मंक्टन हे त्यातलंच शहर) राहायचं आणि मुलांना फ्रेंच यायला हवं, एवढं घरात ठरलं की शाळेचा प्रश्न येतो. इंग्रजी विभागात राहून फ्रेंच इमर्शन, म्हणजे इंग्रजी शाळेतच बरेच विषय फ्रेंचमधून शिकण्याचा कार्यक्रम, घ्यायचा, की फ्रेंच विभागाच्या शाळेत घालायचं? फी दोन्हीकडे नाही, बस दोन्हीकडे आहे, इमारतीही साधारण सारख्याच, त्यामुळे ते सगळं सोडून देतो. आमच्या घरी दोन्ही प्रकार आहेत. थोरली इमर्शनमध्ये, धाकटा फ्रेंच शाळेत. नमुना दोनच मुलांचा आहे, तेवढं धरून वाचा.

इथे शिक्षण खातं एकच, पण आत इंग्रजी आणि फ्रेंच असे दोन स्वतंत्र विभाग. शालेय जिल्हे वेगळे, अभ्यासक्रम वेगळे. वादळाच्या दिवशी शाळा बंद ठेवायची की नाही हेही ज्याचं तो ठरवतो, म्हणून बर्फ पडला की कधीकधी आमच्याकडे एक जण घरी लोळतो आणि दुसरा कुरकुरत बसची वाट बघतो. बसही दोन. केंट काउंटीत दोन्ही भाषांची मुलं एकाच बसने जात होती, ते राज्यघटनेला धरून आहे का यावर 2015 मध्ये प्रांतभर वाद झाला. द्विभाषिक व्यवस्थेच्या खर्चावर टीका करणाऱ्या पीपल्स अलायन्स या पक्षाचे 2018 च्या निवडणुकीत तीन आमदारही आले.

ऑफिसात डबा खाताना हा विषय निघाला की इंग्रजी सहकारी म्हणतात, मुलांना एकत्र शिकवा, दोन्ही भाषा आपोआप येतील, पैसेही वाचतील. अकेडियन, म्हणजे इथले मूळचे फ्रेंच भाषक, सहकारी म्हणतात, एकत्र बसवलं की दहा मिनिटांत सगळी इंग्रजीवर येतात. थोरलीच्या शाळेचं मैदान मधल्या सुट्टीत पाहिलंय, त्यामुळे मला तरी दुसरं म्हणणं पटतं. वर्गात फ्रेंच, दाराबाहेर पाऊल पडलं की इंग्रजी. शिक्षिका ओरडतात, पण किती ओरडणार?

तरीही इमर्शनला कमी लेखू नका. त्यात मोठा फायदा आई-बापांचा आहे. आम्हा दोघांनाही फ्रेंच येत नाही. थोरलीच्या शाळेतून येणारी पत्रं इंग्रजीत, पालकसभा इंग्रजीत, काही अडलं तर फोन करून मोकळेपणाने बोलता येतं. तिचं फ्रेंच वाचन चांगलं आहे, क्रियापदांची रूपं बिनचूक. फक्त शनिवारी डिएपच्या (मंक्टनला लागून असलेलं, बहुतांश फ्रेंच बोलणारं गाव) बाजारात एखाद्या आजींनी काही विचारलं, की ती आधी मनात वाक्य जुळवते आणि बहुतेक वेळा इंग्रजीतच उत्तर देऊन टाकते. धाकटा त्याच आजींशी मंक्टनच्या शियाकमध्ये, म्हणजे अर्ध्या इंग्रजी शब्दांच्या फ्रेंचमध्ये, धडाधड बोलतो. चुका भरपूर, पण थांबत नाही. स्वभावाचाही फरक असेल. ती लाजरी, हा आगाऊ.

आमचा निर्णय मात्र भाषेवरून झालाच नाही. मला वैताग आला तो इमर्शनच्या धरसोडीचा. इमर्शन पूर्वी पहिलीपासून असायचं. 2008 मध्ये सरकारने ते काढायचं ठरवलं, पालक कोर्टात गेले, आणि शेवटी ते तिसरीवर नेलं. 2017 मध्ये परत पहिलीवर आणलं. आमची थोरली याच काळात शिरली. मग 2022 च्या ऑक्टोबरात शिक्षणमंत्री डॉमिनिक कार्डी यांनी राजीनामा दिला, कारण तेव्हाचे प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री) ब्लेन हिग्ज इमर्शन घाईघाईने बंद करू पाहताहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबरात योजना आली: सप्टेंबर 2023 पासून नव्याने येणाऱ्या मुलांना इमर्शन नाही, सगळ्यांनाच अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस फ्रेंच. आधीपासून इमर्शनमध्ये असलेल्यांना धक्का नाही. म्हणजे थोरली सुरक्षित आणि धाकटा, ज्याची शाळा नेमकी त्याच सप्टेंबरात सुरू व्हायची होती, प्रयोगाला.

जानेवारीत सरकारने सभा घेतल्या, पालकांनी सभागृहं भरली, आणि फेब्रुवारीत योजना मागे घेतली गेली. बरेच जण खूश झाले. मी मात्र त्या दोन महिन्यांत घरात जेवताना रोज तीच चर्चा ऐकून इतका कंटाळलो होतो, की मागे घेतली म्हणून हायसं वाटण्याऐवजी पुढच्या वेळी काय, हाच विचार आला. मूल बारा-तेरा वर्षं शाळेत राहणार. तेवढ्यात निवडणुका किती होतील?

फ्रेंच शाळांचं तसं नाही. 1993 मध्ये कॅनडाच्या घटनेत 16.1 हे कलम आलं. त्याने या प्रांतातल्या इंग्रजी आणि फ्रेंच समाजांना समान दर्जा दिला आणि आपापल्या वेगळ्या शिक्षणसंस्थांचा हक्क दिला. त्या शाळांवर टीका कितीही होवो, एखाद्या डिसेंबरात पत्रक काढून त्या बंद करता येत नाहीत. इमर्शन हा इंग्रजी विभागातला एक कार्यक्रम आहे, त्याच्यामागे असं कलम नाही. ज्या वेगळेपणावर लोक चिडतात, तोच मला पालक म्हणून सोयीचा वाटला, हे जरा स्वार्थी आहे खरं.

त्रास नाही असं नाही. धाकट्याच्या दप्तरातला प्रत्येक कागद फ्रेंच. मोबाइलवर भाषांतर करून वाचतो, त्यातून सहलीचा डबा आणि दंतचिकित्सा यांची एकदा सरमिसळही झाली. पालकसभेत आम्ही मागे बसून हसऱ्या चेहऱ्याने मान हलवतो. शिक्षिका नंतर थांबून इंग्रजीत समजावतात, पण दर वेळी कुणी तेवढा वेळ देईलच असं नाही. गृहपाठात मदत म्हणाल तर गणितापुरती. आणि इंग्रजीची काळजी करत असाल तर नका करू. मंक्टनमध्ये ती टीव्हीतून, दुकानातून, बर्फात खेळताना येतेच. मराठीची ओढाताण दोन्हीकडे सारखी, ती आजीवर अवलंबून.

प्रवेशाचं तेवढं नीट बघा. आई किंवा वडील कॅनडाचे नागरिक असतील आणि त्यांची मातृभाषा फ्रेंच असेल किंवा त्यांचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंच माध्यमातून झालं असेल, तर हक्क आहेच. बाकीच्यांच्या बाबतीत मुलाला कोणती भाषा येते हे बघितलं जातं. आमचा धाकटा आजीपाशी वाढलेला, मराठीखेरीज काहीच येत नव्हतं, म्हणून कुठल्या विभागात घालायचं ते आम्हाला ठरवता आलं. पाळणाघरात इंग्रजी पक्की झालेल्या मुलाचं कदाचित वेगळं होईल. फॉर्म भरण्याआधी जिल्हा कार्यालयात विचारा.

दोन-तीन वर्षांत टोरंटो किंवा कॅलगरीला जायचा बेत असेल, तर इमर्शन बरं, कारण तिथे गेल्यावर इंग्रजी शाळेत मिसळणं सोपं जाईल. मूल दुसरी-तिसरीच्या पुढे गेलं असेल तरीही मी इमर्शनच म्हणेन. पण मूल पाचच्या आतलं असेल आणि इथेच घर घेतलं असेल, तर जवळच्या फ्रेंच शाळेला निदान एक फोन करा. पलीकडून फ्रेंच ऐकू येईल, घाबरू नका. इंग्रजीत बोललात तरी ऐकून घेतात.